लेकीनं मावशीला सांगितलं

माझी धाकटी बहीण टीव्हीवर दिसायला लागली आणि भोरमध्ये माझी ओळख बदलली. तोवर मी गणिताच्या मॅडम होते. इथल्या ज्युनियर कॉलेजात इतकी वर्षं शिकवतेय की आता जुन्या विद्यार्थ्यांची मुलं वर्गात येऊन बसतात. पण गावातल्या चौपाटीच्या चौकात भाजी घेताना बायका विचारायला लागल्या, "त्या बातम्यांत येतात, त्या तुमच्या बहीण ना?" मी हो म्हणायचे. "किती धीट आहेत हो!" मी तेही मान्य करायचे आणि घरी येऊन भाजीची पिशवी ओट्यावर जरा जोरातच ठेवायचे.

ती माझ्याहून बरीच लहान. आमचं माहेर राजगडाच्या पायथ्याशी, पालीला. आई दिवसभर भातखाचरात असायची, त्यामुळे हिची वेणी, हिचं न्हाणं, हिची बाराखडी, सगळं माझ्याकडे. पुढं ती पुण्याला शिकायला गेली, एका मराठी वृत्तवाहिनीत लागली, लग्न केलं नाही, एकटी फ्लॅट घेऊन राहिली. माझी एकुलती एक लेक तिच्या पाठी वेडी होती. मावशीसारखे केस कापायचे, मावशीसारखी मोठ्या तबकडीची घड्याळं घालायची, चहासुद्धा मावशीसारखा बिनदुधाचा. माय मरो आणि मावशी जगो, ही म्हण आमच्याकडं हसत हसत म्हणतात. सासूबाई होत्या तेव्हा लेकीकडं बघून म्हणायच्या. मी हसायचे नाही.

लेक सातवीतून आठवीत गेली त्या वर्षी मे महिन्यात नेहमीसारखी मावशीकडं राहून आली. आल्यावर मला एक फरक दिसला. मोबाईलवरचा एक गेम, ज्यावरून आमची रोज भांडणं व्हायची, तो तिनं आपणहून काढून टाकला होता. मी ह्यांना अभिमानानं म्हटलं, "माझ्या बोलण्याचा परिणाम झाला एकदाचा." हे शिरवळच्या कंपनीत आहेत, दमून आले होते. "बरं झालं," म्हणाले आणि विषय संपला.

दिवाळी झाल्यावर बहिणीचा फोन आला. "ताई, रविवारी संध्याकाळी आमचा स्पेशल कार्यक्रम आहे. बघ हं. सगळ्यांनी बघा."

आम्ही तिघं बघायला बसलो. लेक खाली सतरंजीवर, हातात चित्रकलेचं काहीतरी घेऊन. मोबाईलवर ओळख काढून लहान मुलींना गाठणाऱ्या माणसांना पकडायचं, असा तो कार्यक्रम होता. वाहिनीनं एका नटीला तेरा वर्षांची शाळकरी मुलगी बनवलं होतं. नटी चांगली विशीतली, पण आवाज कोवळा. तिनं एका माणसाशी महिनोन्‌महिने चॅट केलं, "घरी कुणी नाही" म्हणून त्याला एका घरात बोलावलं. घरात छुपे कॅमेरे. तो येऊन बसला की आतल्या खोलीचं दार उघडून माईक हातात घेऊन माझी बहीण बाहेर येणार.

घर दिसलं तशी मी खुर्चीत पुढं सरकले. पाट्या, नंबर सगळं पुसट केलं होतं. पण ओसरीचे निळे खांब कसे पुसणार? आणि खांबांच्या वर डोंगराची ती कड. दादाचं घर होतं ते, माझं माहेर. दादा गडावर येणाऱ्या ट्रेकर लोकांची जेवणाखाण्याची, राहण्याची सोय करतो, त्याच्या त्या मागच्या खोल्या.

"अहो, हे पालीचं घर आहे!"

"तुला काही बोलले नाहीत?" ह्यांनी विचारलं. नव्हते बोलले.

मग पडद्यावर चॅट दिसायला लागलं. खाली अक्षरं आणि वर नटीचा कोवळा आवाज. "माझी आई ना, पाढे म्हटल्यासारखी रागावते. एकदा सुरू झाली की तीसपर्यंत थांबत नाही."

हे मोठ्यानं हसले. "तुझ्यासारखीच आहे की कुणाची तरी आई!" मीही अर्धवट हसले. पुढचं वाक्य आलं. "आमच्या घरामागं नदी आहे. पावसाळ्यात तिचा आवाज येतो तेव्हा वाटतं, कुणीतरी अंधारात भाकरी थापतंय."

आमच्या घरामागं नीरा आहे. नदीचं हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. लेक लहान असताना माझ्या कुशीत झोपून ती हे म्हणाली होती. मी वळून बघितलं. तिचे कान लाल झाले होते. "मला अभ्यास आहे," म्हणून ती उठली आणि आत गेली.

कार्यक्रम चालूच होता. तो माणूस मोटरसायकलवरून आला. चाळिशीचा, चौकड्यांचा शर्ट, हातात केळ्याच्या वेफर्सचा पुडा. पाणी मागून प्यायला. मग दार उघडून माझी बहीण बाहेर आली. तो हात जोडून रडायला लागला. त्याचा चेहरा पुसट केला नव्हता. सारोळ्यात हायवेला त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, हेही सांगितलं. बहीण शांत आवाजात म्हणाली, "मी आज एका आईच्या जागी उभी राहून तुम्हाला विचारतेय."

आईच्या जागी! मी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. हे "अगं, अगं" करत राहिले.

लेकीच्या खोलीत गेले. ती पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"ते तू लिहिलं होतंस?"

तिनं मान हलवली.

"त्या माणसाला?"

"तो सोळा वर्षांचा आहे म्हणाला होता. गेममध्ये भेटला. आधी नीट बोलायचा. मग फोटो मागायला लागला, कुणाला सांगू नको म्हणायला लागला. मी नाही पाठवला, आई. खरंच नाही."

"मग?"

"मावशीकडे होते ना तेव्हा, मावशीला सांगितलं."

मी कितीतरी प्रश्न विचारायला हवे होते. पण तोंडातून पहिला हाच निघाला, "मला का नाही?"

"तू मोबाईल काढून घेतला असतास."

खरं होतं. घेतला असता.

"मावशीनं काय केलं?"

"जवळ घेतलं. कितीतरी वेळ काही विचारलंच नाही." लेक चादरीचा दोरा ओढत होती. "मग सगळे मेसेज स्वतःच्या फोनवर घेतले आणि गेम काढून टाकला. म्हणाली, आईला एवढ्यात सांगू नको, ती घाबरेल, मी बघते."

"आणि हे टीव्हीवर लावणार, हे सांगितलं होतं?"

"कार्यक्रम करणार म्हणाली होती. नाव येणार नाही म्हणाली. वाक्यं येतील ते नव्हतं सांगितलं." मग ती म्हणाली, "आईचं वाक्य घेतलं तर घेतलं. नदीचं तरी नको घ्यायला होतं."

मी तिला जवळ घेतलं. पण घेताना माझ्या मनात हेच की हे आधी दुसऱ्या कुणीतरी केलंय, आणि माझ्यापेक्षा चांगलं केलंय.

बहीण पुढच्या रविवारी पालीला येणार असल्याचं कळलं, तशी मीही स्कूटर काढली. नसरापूर, मार्गासनी, मग साखरवरून आत. भात काढणी चालली होती. घरी पोचले तर दादा ओसरीवर, वहिनी झोडलेलं भात वारा देऊन पाखडत होती.

"मला का नाही सांगितलं?" मी दादालाच धरलं.

"आगं, ती म्हनली शूटिंग हाय, दोन दिस खोल्या पायजेत. म्या म्हनलं घे की, तुजंच घर हाय. काय शूटिंग त्ये टीव्हीवं बगितलं तवा कळलं."

वहिनी सूप खाली ठेवून आली. "वन्सं, म्या इचारलं व्हतं बगा. म्हनलं, ती पोर कोन हाय? तर म्हनल्या, पोर न्हाई वयनी, नटी हाय, समदं खोटं हाय. म्या म्हनलं, समदं खोटं हाय तर मग बाप्या खरा कसा काय येतोय? कुटंतरी खरी पोर असंलच की. तर गप बसल्या."

बहीण मागच्या अंगणात होती. मला बघून तिनं ओळखलं. म्हणाली, "कळलं ना तुला. मी सांगणारच होते."

"कधी? पुढच्या भागात?"

ती चिडली नाही. तिचं हेच मला सहन होत नाही. तिनं सगळं नीट समजावलं. मेमध्ये पोलिसांकडं गेले असते तर लेकीला जबाब द्यावा लागला असता. दवाखाना, कोर्ट, नातेवाईक, सगळ्या भोरला कळलं असतं. म्हणून तिनं ठरवलं, लेकीचंच खातं पुढं चालवायचं आणि लेकीच्या जागी नटी ठेवायची. माणूस तोच, मूल नाही. तो पकडला जाईल आणि लेकीच्या अंगाला ओरखडाही येणार नाही.

"आणि तिचे शब्द?"

"नटीला लिहिता येईना, ताई. ती लिहायची ते मोठ्या बाईनं लिहिल्यासारखं वाटायचं. त्याला संशय आला असता. म्हणून मी आपल्या पोरीची आधीची वाक्यं तिला पाठ करायला दिली, आणि पडद्यावरही तीच आली."

"तिला न विचारता."

"हो. ते चुकलं."

इतक्या सहज तिनं कबूल केलं. मी म्हटलं, "मे ते दिवाळी! तेवढ्या काळात तो आणखी किती पोरींशी बोलला असेल?"

यावर मात्र तिनं तोंड फिरवलं. समोरच्या डोंगराकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "तुला नक्की राग कशाचा आलाय? तिची वाक्यं घेतली त्याचा, का तिनं मला सांगितलं त्याचा?"

येताना स्कूटरवर मी बरीच भाषणं तयार केली होती. मूल म्हणजे आमिष नाही, बातमी म्हणजे न्याय नाही, वगैरे. त्यातलं खोटं काही नव्हतं. पण तिनं प्रश्न विचारला आणि ती सगळी भाषणं मला माझ्या मत्सरावर नेसवलेल्या लुगड्यासारखी वाटायला लागली.

"दोन्हीचा," मी म्हटलं.

"मग एकाच वेळी दोन्ही भांडणं भांडू नको ना," ती म्हणाली. वहिनीनं जेवायला हाक मारली, आणि आम्ही गेलो.

त्या माणसाला पोलिसांनी कार्यक्रमानंतर लगेच अटक केली होती. त्याचं दुकान लोकांनी फोडलं. मी पालीहून परतल्यावर दोन दिवसांनी वाहिनीची गाडी त्याच्या घरी गेली, तेही टीव्हीवर दाखवलं. त्याची बायको पदर तोंडावर धरून "जावा, जावा" म्हणत होती आणि तिच्या मागं दारात एक मुलगी उभी होती. मुलीचा चेहरा पुसट केला होता, पण अंगावरचा गणवेश स्वच्छ दिसत होता. आमच्या कॉलेजचा गणवेश होता तो. ती माझ्या अकरावी सायन्सच्या वर्गातली, खिडकीकडच्या बाकावर बसणारी. सारोळ्याहून एसटीनं यायची. आमच्याकडं तिथून येणाऱ्या मुली असून असून किती असणार? दुसऱ्या दिवशी सगळ्या कॉलेजला माहीत झालं. तिचा बाक रिकामा होता, आणि उरलेली मुलं माझ्याकडं न बघता त्या बाकाकडं बघत होती.

मी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "ते फुटेज माझं नाही, ताई. ऑफिसनं दुसऱ्याला पाठवलं. मी भांडले त्यावरून. पण तिच्यावर ही वेळ तिच्या बापानं आणली. मी नाही."

तेही खरंच होतं. माझ्या बहिणीचं प्रत्येक वाक्य खरं असतं. सगळी मिळून जे होतं, त्यात माझी लेक झाकली गेली आणि दुसरीची उघडी पडली.

ती मुलगी एकदाच परत आली, मामाबरोबर, दाखला न्यायला. ऑफिसबाहेर मला दिसली. मी थांबले. तीच म्हणाली, "मॅडम, तिकडच्या कॉलेजात गणिताचं पुस्तक हेच असेल ना?"

"हेच असतं, बाळा. सगळीकडे हेच."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि मामाच्या मागं गेली.

जानेवारीत भोरच्या एका महिला मंडळानं माझ्या बहिणीचा सत्कार ठरवला. जन्म पालीचा, म्हणजे शेजारच्या वेल्हे तालुक्यातली, तरी बॅनरवर 'भोरची कन्या' लिहिलं होतं. मला स्टेजवर बसवलं, 'थोरल्या भगिनी' म्हणून. हॉल भरला होता. माझे सहकारी होते, लेकीच्या शाळेतल्या बाई होत्या. शाल झाली, श्रीफळ झालं. मग निवेदिकेला काय सुचलं कुणास ठाऊक, तिनं माझ्या लेकीला पुष्पगुच्छ द्यायला पुढं बोलावलं. "अशी मावशी प्रत्येक मुलीला मिळो!" टाळ्या पडल्या. लेकीनं गुच्छ दिला. बहिणीनं तिला जवळ घेतलं तेव्हा दोघींचे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, कौतुकानं. त्या टाळ्यांचं खरं कारण त्या दोघींना आणि मलाच माहीत होतं, आणि त्यातही मी तिसरी होते.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, "लहानपणी हिची वेणी मी घालायचे. फार वळवळ करायची." सगळे हसले. मी लगेच खाली बसले.

नंतर काही दिवसांनी कॉलेजात एक महिला पोलीस अधिकारी मुलींना माहिती द्यायला आल्या. पस्तिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी मुलींना सांगितलं, असं काही झालं तर कुणालाही सांगा. आणि मग आम्हा शिक्षकांकडं वळून म्हणाल्या, "लहान मुलाच्या बाबतीतलं असं काही कळूनही पोलिसांना न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. आई असो, शिक्षक असो, कुणीही असो." मी खाली बघत होते. माझी बहीण त्यात येत होती. दिवाळीपासून मीही येत होते.

स्टाफरूममध्ये चहा घेताना कुणीतरी विचारलं, "त्या टीव्हीवरच्या माणसाला शिक्षा होईल ना हो, मॅडम?"

अधिकारीबाईंनी कप खाली ठेवला. "बघू. अशा प्रकरणात समोर मूलच नसतं. नटी सज्ञान असते. वकील म्हणणार, बोलावलं तुम्हीच, बोलायला लावलं तुम्हीच. चॅनेलवाले फुटेज देतात तेही कापलेलं. लोकांना वाटतं, टीव्हीवर दिसलं म्हणजे झालं. एखादं खरं मूल पुढं येऊन बोललं तर गोष्ट वेगळी."

त्या गेल्यावर माझा एक तास मोकळा होता. मी रिकाम्या वर्गात जाऊन बसले. खरं मूल माझ्या घरी होतं. तिला बोलायला लावलं तर तो माणूस सुटणार नव्हता, हे एक. आणि माझ्या बहिणीनं महिनोन्‌महिने काय लपवलं ते सगळ्यांना कळणार होतं, हे दुसरं. पहिल्याचा विचार करताना दुसऱ्यानं मला बरं वाटत होतं. ते बरं वाटणं मला स्पष्ट कळत होतं, आणि थांबवता येत नव्हतं.

एवढं मात्र ठरवलं की लेकीला न विचारता काही करायचं नाही. ते एकदा झालं होतं.

तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी तिनं विचारलं, "मावशीला काही होईल का?"

"नाही" म्हणणं फार सोपं होतं. "होऊ शकतं," मी म्हटलं.

काही दिवस तसेच गेले. शाळेत जायची, यायची, जेवायची. मग एका दुपारी तिनं माझ्यासमोरच मावशीला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून काय उत्तर येतंय ते मला ऐकू येत नव्हतं. फोन ठेवून लेक म्हणाली, "मावशी म्हणाली, दे जबाब. मी पण देते. माझी काळजी करू नको."

मला वाटलं होतं, बहीण अडवेल, रडेल, मलाच फोन करून भांडेल. मी त्याची तयारीही केली होती. तिनं तेवढीसुद्धा संधी दिली नाही. एवढं मोठं मन तिला कुठून आलं, आम्ही दोघी एकाच घरात वाढलो, याचाही मला हेवा वाटला.

कॉलेजात आलेल्या त्याच अधिकारीबाईंना मी कळवलं; त्या साध्या साडीत घरी आल्या. लेकीला पोलीस ठाण्यात यायची गरज नाही म्हणाल्या. ह्यांना आणि दादा-वहिनींना तोवर सगळं सांगून झालं होतं; ह्यांनी रजा काढली होती. सोबत कोण कोण लागेल माहीत नव्हतं म्हणून दादा आणि वहिनीही पालीहून आले होते. बहीण पुण्याहून सकाळीच आली. अधिकारीबाईंनी लेकीला समोर बसवून विचारलं, "बोलताना तुझ्याजवळ कुणी बसलेलं हवंय का? तुझा विश्वास असेल असं कुणीही चालेल."

"मावशी," लेक म्हणाली. जराही विचार न करता.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"मावशींचा पण जबाब घ्यायचाय ना," बाई समजुतीनं म्हणाल्या. "त्यामुळं त्या नकोत. दुसरं कुणी सांग. आई?"

मी पदर सावरून उठायच्या बेतात होते.

"आई नको," लेक म्हणाली. मग सगळ्यांकडं एकदा बघितलं. "मामी चालेल?"

वहिनी दचकली. "म्या? अगं मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच," लेक म्हणाली.

वहिनीनं हात पुसले आणि तिच्याशेजारी जाऊन बसली. ह्यांना आणि दादाला बाहेर पाठवलं. मला आणि बहिणीला स्वयंपाकघरात. दार लावलं गेलं.

आम्ही दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिलो. बाहेरून अधिकारीबाईंचा आवाज यायचा, लेकीचा नाही. मी मटार काढून ठेवले होते, ते सोलायला घेतले. तिनंही न सांगता अर्धे ओढून घेतले.

"वहिनीला सांगेल आणि आपल्याला नाही," ती म्हणाली.

"तुला तरी एकदा सांगितलंय."

तिनं माझ्याकडं बघितलं. "ताई, तू म्हणाली होतीस ना, मे ते दिवाळी एवढा वेळ गेला. मी दर आठवड्याला म्हणायचे, आता बास, पोलिसांना देऊ. ऑफिस म्हणायचं, तो एकदा भेटायला येऊ दे, मग देऊ. त्यांच्यामुळं थांबले असं मी सगळ्यांना सांगते. पण मलाही तो यायला हवा होता. दार उघडून मी बाहेर येणार, हे मी इतक्या वेळा मनात बघितलं होतं..." ती मटाराच्या शेंगेशी खेळत राहिली. "त्याच्या मोबाईलमध्ये आणखी मुली सापडल्यात. जूननंतरच्या पण."

"किती?"

"विचारू नको."

याच क्षणाची मी वाट बघत होते. ती चुकली होती, मोठ्ठी चुकली होती, आणि आपल्या तोंडानं सांगत होती. मला वाटलं होतं, तेव्हा मला शांत वाटेल. नाही वाटलं. त्या मुलींना मावशी नव्हत्या, किंवा असून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी तिच्या हातातली शेंग घेतली, सोलली आणि दाणे पातेल्यात टाकले. तेवढंच जमलं.

खूप वेळानं दार उघडलं. लेक सरळ पाणी प्यायला आली. वहिनी डोळ्याला पदर लावून मागं. मी वहिनीकडं बघितलं तशी ती म्हणाली, "मला काय इचारू नगा, वन्सं. पोरीनं माज्यापाशी ठिवलंय." आणि ती खरंच आजतागायत बोलली नाही.

मग बहीण आत गेली. तिचा जबाब पुष्कळ लांबला. तिच्यावर अजून कारवाईची टांगती तलवार आहे. वाहिनीनं कळवलं की उशीर हा तिचा वैयक्तिक निर्णय होता, आणि तिला पडद्यावरून काढलं. आता ती पुण्यात भाषांतराची कामं करते. भोरमध्ये बायका विचारतात, "बहीण दिसत नाही हल्ली?" मी म्हणते, "दुसरं काम घेतलंय." तो कार्यक्रम मात्र चालू आहे. दुसरी कुणीतरी दार उघडून बाहेर येते, लोक जेवता जेवता बघतात. मी एकदा एक भाग बघितला. पडद्यावर चॅट आलं तेव्हा मी ही वाक्यं मुळात कुठल्या पोरीची असतील, हेच शोधत बसले.

तो माणूस जामिनावर बाहेर आहे. लेकीच्या जबाबामुळं खटला उभा राहिला, नाहीतर उभा राहिला नसता, असं सरकारी वकील म्हणतात. मागच्या महिन्यात पुण्याला तारीख होती. लेक आता दहावीत आहे, माझ्या खांद्याच्या वर गेलीय. आम्ही तिघी गेलो. मुलांसाठी वेगळी खोली असते, तिथं बसवलं. दुपारपर्यंत थांबलो आणि कळलं की न्यायाधीश रजेवर आहेत, पुढची तारीख.

बाहेर येऊन एका साध्या हॉटेलात जेवायला बसलो. लेक आणि मावशी एका बाजूला, मी समोर. लेकीनं मोबाईलवर तिला काहीतरी दाखवलं आणि दोघी इतक्या हसल्या की पोळी वाढणारा थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही गं, आई. तुला नाही कळायचं."

"सांग तरी."

लेकीनं मोबाईल माझ्यापुढं धरला. कुठल्यातरी मांजराचं चित्र होतं, खाली काहीतरी लिहिलेलं. मी दोनदा वाचलं. खरंच कळलं नाही. त्या दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या आणि पुन्हा हसायला लागल्या. मी भाताचा घास घेतला आणि बहिणीला म्हटलं, "आमटी घे, गार होतेय."